विश्लेषण : गुरुवारी दुपारीच अंगातली ताकद का संपते? झोप, चहा आणि लोहाचा हिशेब काय सांगतो?

सोमवारी सकाळी दोन बैठका, एक अहवाल आणि मुलाच्या शाळेची फी हे सगळे एका दमात उरकणाऱ्या माणसाला गुरुवारी दुपारी चार ओळींचा ईमेल लिहायला वीस मिनिटे लागतात. काम तेवढेच असते, खुर्चीही तीच असते. मग चहाची एक जादा फेरी होते, कोणी कॅनमधले ऊर्जापेय आणतो, कोणी औषधाच्या दुकानातून मल्टिव्हिटॅमिनची पट्टी. शनिवारी दुपारपर्यंत झोपून हिशेब चुकता करायचा आणि सोमवारी पुन्हा तीच गाडी.

या थकव्याला ‘कामाचा ताण’ असे एकच नाव दिले जाते. पण त्यामागे बहुतेक वेळा वेगवेगळी कारणे एकत्र आलेली असतात : साचत गेलेली अपुरी झोप, चुकीच्या वेळी घेतलेला चहा, दिवसभराची बैठक आणि अनेकांच्या बाबतीत रक्तातली कधीच न तपासलेली एखादी कमतरता. यातल्या काहींवर उपाय घरच्या घरी होतो, काहींवर होत नाही.

झोपेचा दाब म्हणजे काय?

माणूस जागा असतो तोवर मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करत असतात. या खर्चातून ॲडेनोसिन नावाचे रसायन मेंदूत साचत जाते. जितके तास जागरण, तितके ॲडेनोसिन जास्त आणि तितका झोपेचा दाब जास्त. रात्री पुरेशी झोप झाली की हा साठा उतरतो. झोप अर्धवट राहिली तर दुसरा दिवस आदल्या दिवशीची बाकी घेऊनच सुरू होतो.

याच्या जोडीला शरीराचे स्वतःचे घड्याळ चालते. कधी तरतरी वाटावी, कधी शरीराचे तापमान उतरावे, कधी झोपेला पूरक संप्रेरक स्रवावे हे ते ठरवते. या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. झोपेचा दाब आणि हे घड्याळ यांच्या खेळातून दिवसभराची तरतरी ठरते, अशी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली होती. झोपेच्या अभ्यासात आजही ती पायाभूत मानली जाते.

गुरुवारच का?

बदलापूर, विरार किंवा पनवेलहून मुंबईत कामाला येणाऱ्याचे उदाहरण घेतले की हिशेब सोपा होतो. सहाच्या सुमाराची लोकल पकडायची तर पाचला उठणे आले. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत आठ-साडेआठ वाजतात. जेवण, मुलांचा अभ्यास, उद्याची तयारी आणि मग दिवसातला एकमेव हक्काचा वेळ म्हणून हातात आलेला मोबाइल. डोळे मिटेपर्यंत साडेअकरा. म्हणजे झोप साडेपाच तास. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. रोजची तूट दीड तासाची. रविवारची रात्र धरून गुरुवारी सकाळपर्यंत चार रात्रींची तूट होते सहा तास. जवळजवळ एक अख्खी रात्र.

हिंजवडीत काम करणाऱ्याचा प्रवास लोकलचा नसला तरी वाहतूक कोंडी आणि रात्री उशिरा परदेशी ग्राहकांबरोबर होणाऱ्या कॉलमुळे बेरीज साधारण तिथेच जाते.

ही तूट नुसती अंदाजाची नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी प्रौढांना १४ दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिले. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग दिवसागणिक घसरत गेला. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची अवस्था एक ते दोन रात्री सलग जागलेल्या माणसासारखी झाली. पण या निष्कर्षापेक्षा अधिक काळजीची गोष्ट वेगळीच होती. आपल्याला किती झोप येते, असे विचारल्यावर या लोकांचे उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसे बदलले नाही. कामगिरी घसरत होती आणि त्यांना मात्र आपल्याला सवय झाली असे वाटत होते. ‘मला पाच तास पुरतात’ असे अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येक कार्यालयातील त्या एका सहकाऱ्याने हा भाग दोनदा वाचायला हरकत नाही.

याचा धोका किती?

ईमेल उशिरा गेला तर फारसे बिघडत नाही. गाडीच्या चाकामागे बसल्यावर बिघडते. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक तुलना मांडली. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी उतरलेली असते, असे त्यांना आढळले. भारतात मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळला तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के. पहाटे पाचला उठून रात्री दहाला पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर गाडी चालवणारा माणूस थेंबभरही न घेता त्या मर्यादेपलीकडे पोहोचलेला असू शकतो. त्याच्या तोंडापाशी धरलेल्या यंत्रात मात्र काहीच दिसणार नाही.

समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर ‘महामार्ग संमोहना’ची बरीच चर्चा झाली. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष हरवणे असा त्याचा अर्थ. झोपेची तूट घेऊन निघालेल्या चालकाला हा रस्ता अधिक लवकर गुंगवतो. अशा वेळी खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे यांचा परिणाम काही मिनिटेच टिकतो. गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटणे हाच त्यावरचा उपाय आहे.

दुपारी डुलकी येते ती जेवणामुळे?

पूर्णपणे नाही. दुपारी साधारण दोन ते चारच्या दरम्यान शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो आणि जेवण टाळले तरी तो येतोच. भाताचे किंवा गोडाचे भरपेट जेवण हा उतार अधिक खोल करते, इतकेच. डब्यातल्या तीन पोळ्या आणि वर भाताऐवजी दोन पोळ्या, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण आणि काकडी-टोमॅटो असे ताट ठेवले तर साखर झपकन चढून उतरत नाही आणि तीन वाजताची मरगळ थोडी सौम्य होते. मटकी, मूग, चवळी यांची उसळ मराठी घरांत नवी नाही. ती डब्यातून मागे पडली, कारण भिजवायला आदल्या रात्री आठवण ठेवावी लागते.

वामकुक्षीची थट्टा करण्यात महाराष्ट्राची निम्मी विनोदबुद्धी खर्च झाली आहे आणि दुपारी एक ते चार बंद असणारी पुण्यातली दुकाने हा तर ठरलेला विषय. पण या बाबतीत विज्ञान त्या दुकानदारांच्या बाजूने आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या उड्डाणांवरील वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिली. त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि विश्रांती न मिळालेल्या वैमानिकांपेक्षा ते उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्यात अधिक सावध राहिले. कार्यालयात आडवे होण्याची सोय नसली तरी खुर्चीत मान टेकवून १५-२० मिनिटे डोळे मिटणे अनेकांना जमू शकते. डुलकी तासाच्या आसपास लांबली की गाढ झोपेतून उठताना डोके जड होते आणि रात्रीची झोपही लांबते. तीन वाजल्यानंतर ती न घेतलेलीच बरी.

मग चहाने काहीच होत नाही का?

होते, पण ते वेगळे असते. चहा-कॉफीतील कॅफीन मेंदूत ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसते. थकव्याचा निरोप पोहोचत नाही, म्हणून तरतरी वाटते. मूळ ॲडेनोसिन मात्र तिथेच साचलेले असते. कॅफीनचा अंमल उतरला की ते एकदम जाणवते आणि हात पुन्हा कपाकडे जातो. थोडक्यात, कॅफीन थकवा कमी करत नाही, तो पुढे ढकलते.

किती पुढे, हेही माहीत आहे. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला सरासरी पाच तासांच्या आसपास लागतात. व्यक्तीप्रमाणे हा काळ कमीअधिक होतो आणि गरोदरपणात बराच वाढतो. संध्याकाळी साडेपाचच्या चहातले निम्मे कॅफीन रात्री साडेदहाला शरीरातच असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलेल्यांची झोप एका तासाहून अधिक कमी झाली. ही मात्रा मोठी आहे, चार-पाच कप कॉफीइतकी. पण दुपारनंतर तीन कप स्ट्राँग चहा पिणारा माणूस त्याच दिशेने चाललेला असतो. ‘मला चहा पिऊनही झोप लागते’ हा युक्तिवाद इथे फारसा उपयोगी नाही. झोप लागणे आणि ती गाढ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सुचवली आहे. १५० मिलिलिटरच्या कपात चहातून ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीतून ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन मिळते. टपरीवरचा कटिंग त्याहून लहान असतो, पण तो उकळून काढलेला असतो आणि दिवसातून किती झाले हे कोणी मोजत नाही. २५० मिलिलिटरच्या ऊर्जापेयाच्या कॅनमध्ये साधारण ७५ ते ८० मिलिग्रॅम, म्हणजे दोन चहांच्या आसपास कॅफीन असते. त्यातली उरलेली ‘ऊर्जा’ बरीचशी साखरेची.

साखर हा चहातलाही दुर्लक्षित भाग. कपाला दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम धरली तर पाच कपांची ५० ग्रॅम होते. २,००० कॅलरीच्या आहारात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली साखरेची कमाल मर्यादा तेवढीच आहे. मिठाई, बिस्किटे, सरबत अजून बाकी.

चहा सोडण्याची गरज नाही. दिवसातला शेवटचा कप दुपारी दोन-तीनपर्यंत संपवला तरी आठवडाभरात झोपेत फरक जाणवू शकतो. अनेकांना संध्याकाळी कॅफीनपेक्षा पाच मिनिटे जागेवरून उठण्याचे निमित्त हवे असते. ते लिंबू सरबत, ताक किंवा नुसत्या फेरफटक्यानेही मिळते. सकाळपासून लघवीला गडद पिवळी होत असेल तर दुपारची डोकेदुखी पाण्याअभावीही असू शकते. वातानुकूलित कार्यालयात तहान लागत नाही, म्हणून ते लक्षात येत नाही.

पोह्यांवरचे लिंबू वाया का जाते?

चहाचा दुसरा परिणाम थेट रक्तावर होतो आणि महाराष्ट्रासाठी तो अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. याच वयाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण जवळपास २२ टक्के आहे. देशभरातील महिलांचा आकडा ५७ टक्के आहे. म्हणजे सकाळी लोकलच्या महिलांच्या डब्यात उभ्या असलेल्यांपैकी बऱ्याच जणी रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नसतानाच दिवस सुरू करत असणार.

हिमोग्लोबिन फुफ्फुसातील प्राणवायू स्नायू आणि मेंदूपर्यंत नेते. ते कमी असेल तर जिना चढताना धाप लागते, दुपारी डोके जड होते, चिडचिड होते, केस गळतात. यातले प्रत्येक लक्षण ‘दगदग’ या एका शब्दात खपवले जाते. प्रौढ महिलांमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय. तो होण्याआधीच शरीरातील लोहाचा साठा रिता होऊ लागतो आणि थकवा तेव्हाच सुरू होऊ शकतो. हा साठा फेरिटिन या वेगळ्या चाचणीतून कळतो. हिमोग्लोबिन काठावर असूनही सतत थकवा असेल, मासिक पाळीत रक्तस्राव अधिक होत असेल, तर या चाचणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

धान्ये, कडधान्ये, पालेभाज्या यांतले लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. लिंबू, आवळा, पेरू, कैरी यांतले क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करते. चहा-कॉफीतील टॅनिन नेमके उलटे करते. ते लोहाला बांधून ठेवते आणि जेवणासोबत चहा घेतला तर वनस्पतिजन्य लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते. मराठी घरातला नाश्ता या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पोह्यांवर शेंगदाणे, कोथिंबीर आणि लिंबाची फोड, म्हणजे लोह आणि ते शोषायला लागणारे क जीवनसत्त्व एकाच बशीत. आणि शेजारी वाफाळता चहा. लिंबाने केलेले काम चहा पुसून टाकतो. पोषण संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला आहे. आवडता कप उठल्यावर लगेच किंवा साडेदहा-अकराला कार्यालयात पोहोचल्यावर घेतला तर पैसे न खर्चता प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. लोहाच्या गोळ्या सुरू असलेल्यांनी तर त्या चहाबरोबर कधीच घेऊ नयेत.

बाजरीची भाकरी, अळीव, चवळीची पाने, कडधान्ये, तीळ हे लोहाचे परिचित स्रोत. मांसाहारी कुटुंबांत मटण, कलेजी, मासे यांतले लोह अधिक सहज शोषले जाते. एकदा रक्तक्षय ठरला की मात्र नुसत्या आहाराने तो भरून निघायला फार वेळ लागतो. गोळ्या लागतात आणि त्या किती, किती महिने, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

‘ब-१२’ची चर्चा खरी की फॅड?

खरी आहे आणि तिला पुण्याचा पुरावा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुष तपासले. दोन तृतीयांश जणांमध्ये ब-१२ कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गीयांत हे प्रमाण सर्वाधिक होते. हे जीवनसत्त्व फक्त प्राणिजन्य पदार्थांत मिळते. शाकाहारी माणसासाठी दूध, दही, ताक, पनीर एवढाच मार्ग उरतो आणि तो चहातल्या दोन चमचे दुधाने पुरा होत नाही. हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, जीभ लाल होणे आणि सततचा थकवा ही त्याची लक्षणे.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोज आम्लनाशक गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ही कमतरता अधिक दिसते. दोन्ही औषधे स्वतःहून बंद करायची नसतात, पण ब-१२ ची तपासणी मागून घेता येते. बाकी दुकानातून आणलेली ‘एनर्जी’ची मल्टिव्हिटॅमिन पट्टी कमतरता नसलेल्या माणसाला ऊर्जा देत नाही.

बसूनही माणूस कसा दमतो?

दिवसभर खुर्चीत बसलेला माणूस हमालासारखा दमून घरी येतो, तेव्हा घरातल्यांना ते पटत नाही. पण ते खोटे नसते. पॅरिसमधील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की, सहा तासांहून अधिक काळ कठीण बौद्धिक काम केल्यावर मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचते. अशा लोकांचा कल मग झटपट आणि कमी कष्टाच्या पर्यायाकडे झुकतो. संध्याकाळी स्वयंपाकाऐवजी ॲपवरून वडापाव मागवण्याचा निर्णय नेमका याच वेळी होतो.

कामाच्या मध्ये घेतलेली छोटी विश्रांती इथे उपयोगी पडते. दहा मिनिटांपर्यंतच्या विश्रांतीवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा विश्रांतीने उत्साह वाढतो आणि थकवा घटतो, असे त्यात दिसले. मात्र फार डोके लागणाऱ्या कामाला दहा मिनिटे पुरत नाहीत, हेही त्यात आहे. आणि विश्रांतीत हातातल्या मोबाइलवर बोट फिरवणे म्हणजे डोळे आणि लक्ष यांना तेच काम दुसऱ्या पडद्यावर देणे.

थकलेल्या माणसाला चालायला सांगणे क्रूर वाटते, पण पुरावा त्याच बाजूचा आहे. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाने २००८ मध्ये सतत थकवा जाणवणाऱ्या, व्यायाम न करणाऱ्या तरुणांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, २० मिनिटे व्यायाम दिला. हलका व्यायाम करणाऱ्यांचा थकवा ६५ टक्क्यांनी घटला. जरा जोराचा व्यायाम करणाऱ्यांचा त्याहून कमी, ४९ टक्क्यांनी. म्हणजे जिमचे वार्षिक सदस्यत्व घेण्याआधी स्टेशनहून रिक्षाऐवजी पायी घरी जाऊन पाहावे.

शनिवार-रविवारी झोप भरून काढता येते?

थोडी. पण रोज पाचला उठणारा माणूस रविवारी साडेदहाला उठला, तर शरीराच्या दृष्टीने तो साडेपाच तास दूरच्या देशात जाऊन आला. जर्मन शास्त्रज्ञ टिल रोनेबर्ग यांनी याला ‘सोशल जेटलॅग’ म्हटले. रविवारी रात्री अकराला झोप येत नाही, त्याचे कारण सोमवारच्या धास्तीइतकेच हे उशिरा उठणेही असते. सुटीच्या दिवशी एखाद-दीड तासच उशिरा उठावे, उरलेली तूट दुपारच्या वामकुक्षीने आणि शनिवारी रात्री लवकर झोपून भरावी. आठवड्याच्या मध्ये, मंगळवारी किंवा बुधवारी, एक रात्र ठरवून तासभर आधी झोपणे हा त्याहून परिणामकारक मार्ग. तूट गुरुवारपर्यंत साचूच द्यायची नाही. ही बातमी रात्री बारानंतर मोबाइलवर वाचली जात असेल, तर तो तास याच खात्यातून जात आहे.

हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू होतो?

होत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिलांचे दिवसातले सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ८८. नोकरी करून आलेल्या बाईला ‘लवकर झोपा, चालायला जा’ असे सांगणे सोपे आहे, तिचा रात्रीचा ओटा कोणी आवरायचा ते ठरवल्याशिवाय त्याला अर्थ नाही. घरातल्या थकव्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय भांड्यांच्या वाटणीत असू शकतो.

कामाच्या तासांचेही तसेच. आठवड्याला ७० तास, मग ९० तास काम करण्याचे सल्ले उद्योगपतींनी गेल्या काही वर्षांत दिले आणि त्यावर भरपूर विनोद झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अहवाल विनोदाचा नाही. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो, असे त्यात म्हटले आहे. २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार मृत्यू दीर्घ कामाच्या तासांशी जोडले गेले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. बारा तासांच्या पाळीला जाण्यायेण्याचे तीन तास जोडले की दिवसातले नऊ उरतात आणि त्यातच स्वयंपाक, अंघोळ, मुले आणि झोप. अशा वेळापत्रकात कामगाराच्या थकव्याला त्याचा चहा जबाबदार धरता येत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे?

दोन आठवडे पुरेशी झोप घेऊन, चहाची वेळ बदलूनही थकवा तसाच राहिला, तर तो वेळापत्रकाचा नाही असे समजून तपासणी करावी. साधारणपणे डॉक्टर संपूर्ण रक्तगणना, साखर, थायरॉइड, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि गरजेनुसार फेरिटिन यांपासून सुरुवात करतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. जेवणानंतरची असह्य गुंगी आणि वारंवार तहान हे त्याचे पहिले लक्षण असू शकते.

घोरण्याकडेही घरातली थट्टा म्हणून पाहू नये. मोठ्याने घोरताना मध्येच श्वास थांबणे, दचकून जाग येणे, सकाळी उठल्यावर डोके दुखणे आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंग येणे ही निद्राश्वसनरोधाची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची लक्षणे आहेत. ती झोपणाऱ्याला कळत नाहीत, शेजारी झोपणाऱ्याला कळतात. डॉक्टरांकडे जाताना त्या व्यक्तीला सोबत नेलेले बरे. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार देशात या विकाराचे सुमारे १० कोटी ४० लाख रुग्ण आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचे निदान झालेले नाही. चालकाची नोकरी करणाऱ्यांनी तर ही तपासणी पुढे ढकलूच नये.

झोप पुरेशी, अहवाल ठीक, तरी सकाळी उठावेसेच वाटत नाही, आवडीच्या गोष्टींतले मन उडाले आहे, असे दोन आठवड्यांहून अधिक काळ सुरू असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा मराठीतही बोलते. वजन कारणाशिवाय घटणे, रोज संध्याकाळी बारीक ताप आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी मोफत होते. अचानक आलेला, आधी कधीच न जाणवलेला थकवा आणि त्यासोबत धाप, घाम, मळमळ, जबडा किंवा पाठीत दुखणे असेल, तर ती हृदयविकाराच्या झटक्याची चिन्हे असू शकतात. महिलांमध्ये छातीत न दुखताही तो येतो. अशा वेळी सोमवारपर्यंत थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी राज्यात १०८ हा क्रमांक आहे.